रिकामे ठरवलेले अरण्य : पामतेल, ओरांगउटान आणि एका कायदेशीर शब्दाचा इतिहास

ऑगस्ट २००८. बोर्निओ बेटावरील साबाह या मलेशियन राज्यात ऑइल पामच्या एका मळ्यात एक नर गेंडा भटकताना सापडला. दोन शिंगांचा, अंगावर विरळ तांबूस केस असलेला हा सुमात्रन गेंडा. आकाराने जगातील सर्वांत लहान जात. त्याचे नाव टाम ठेवण्यात आले आणि जवळच्या तबिन अभयारण्यात त्याची रवानगी झाली. पुढली दहा-अकरा वर्षे त्याच्यापासून पिल्लू मिळावे म्हणून शास्त्रज्ञांनी शक्य ते सारे केले. २७ मे २०१९ रोजी टाम गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला इमान ही मादी गेली आणि मलेशियात या जातीचा एकही ज्ञात गेंडा उरला नाही.

या गेंड्याचा ऱ्हास मळ्यांच्याही आधी, शिंगासाठी होणाऱ्या शिकारीने सुरू झाला होता, हे नमूद करायलाच हवे. मात्र शिकारीतून वाचलेले मोजके प्राणी एकमेकांना भेटू शकतील एवढे सलग रान नंतर उरले नाही. ते कुठे गेले याचे झटपट उत्तर ‘पामतेलाने खाल्ले’ असे दिले जाते. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. झाड स्वतःहून जंगल तोडत नाही. त्याच्यासाठी जंगल मोकळे करून देणारा कोणी असावा लागतो, आणि मोकळे करण्याआधी ते ‘रिकामे’ आहे असे कागदावर लिहावे लागते. हा इतिहास मुख्यतः त्या लिहिण्याचा आहे.

तेलमाड, म्हणजे व्यापारी भाषेतला ऑइल पाम, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. तेथे तो शेकडो वर्षे गावाच्या आसपास, यामाच्या शेतात, पडीत टाकलेल्या रानात अर्धजंगली वाढत आला. पुरुषांनी घड उतरवायचे, बायकांनी फळे उकडून, तुडवून तेल काढायचे, अशी सर्वसाधारण वाटणी होती. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवल्यावर त्याच किनाऱ्यावर, पुष्कळदा त्याच व्यापाऱ्यांनी, पामतेलाचा धंदा वाढवला. लिव्हरपूलला उतरणाऱ्या पिंपांतून साबण व मेणबत्त्या बनत, यंत्रांना वंगण मिळे. नायजर नदीच्या मुखाकडील खाड्यांना तर इंग्रज ‘तेलनद्या’च म्हणू लागले. एवढा व्यापार झाला, तरी सलग मळा असा तेथे फारसा नव्हता. जंगल, शेत आणि तेलमाड एकमेकांत मिसळून राहिले.

१८४८ मध्ये या झाडाची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात पोहोचली. तेव्हा त्या गावाला डच लोक बाऊटेनझोर्ख म्हणत. दोन ॲमस्टरडॅमहून आली होती, दोन हिंदी महासागरातील बेटांकडून. या चौघांची संतती पुढे सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर, देली भागात, तंबाखूच्या मळ्यांतील रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी लावली गेली. आजच्या आग्नेय आशियातील अब्जावधी तेलमाडांच्या मातृवंशाचा फार मोठा भाग या चार रोपांपर्यंत जातो. शोभेच्या झाडाने एवढी मजल मारल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच असतील.

देलीत मळे आले ते १८६३ नंतर, याकोबस नीनहाइस या डच तंबाखू व्यापाऱ्यामागोमाग. स्थानिक सुलतानाने युरोपीय कंपन्यांना दीर्घ मुदतीचे जमिनीचे मक्ते दिले. मजूर चीनहून व जावाहून आणले गेले. १८८० च्या कुली कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा देण्याची सोय मळेवाल्यांना करून दिली. आणि जंगल? त्याची सोय आणखी एका कायद्याने केली.

१८७० च्या डच जमीन कायद्याबरोबर एक जाहीरनामा आला. ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नाही ती सर्व सरकारची, असा त्याचा आशय. प्रथम हे जावापुरते होते; मग बाहेरच्या बेटांनाही लागू झाले. अशी जमीन कंपन्यांना ७५ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने देता येत असे. सारा खेळ ‘सिद्ध होत नाही’ या शब्दांत आहे. बोर्निओ-सुमात्रातील गावे एका तुकड्यावर एक-दोन वर्षे भात पिकवून तो अनेक वर्षे रानाला परत देत. त्या पडीत फळझाडे, वेत, राळेची झाडे राखलेली असत आणि कोणाच्या आजोबांनी कोणते झाड लावले हे गावाला ठाऊक असे. कागद मात्र नव्हता. लायडन विद्यापीठातील कॉर्नेलिस व्हान फोलेनहोव्हन या कायदेपंडिताने आयुष्याचा बराच भाग हे सांगण्यात घालवला की ही जमीन बेवारस नाही, ‘अदत’ म्हणजे रूढीच्या कायद्याने तिला धनी आहे. १९१९ मध्ये त्याने यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विद्वानांनी त्याला मान दिला. मक्ते चालूच राहिले.

१९११ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी आद्रियाँ अले या बेल्जियन कृषितज्ज्ञाने सुमात्रात तेलमाडाची पहिली व्यापारी लागवड सुरू केली. देलीतली शोभेची झाडे आफ्रिकेतल्या झाडांपेक्षा सरस फळतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याच वर्षी विल्यम लिव्हर या साबणसम्राटाने बेल्जियन काँगोत तेलमाडासाठी साडेसात लाख हेक्टरांपर्यंतच्या जमिनीचा करार केला. नायजेरियात त्याला असे मळे हवे होते. तेथील ब्रिटिश प्रशासनाने जमीन देण्यास नकार दिला होता. काँगोत अडचण नव्हती, कारण राजा लिओपोल्डच्या राजवटीने १८८५ मध्येच ‘मोकळ्या जमिनी’ राज्याच्या असल्याचे फर्मान काढून ठेवले होते. दोन खंड, दोन राजवटी, आणि युक्ती एकच.

या ‘मोकळ्या’ रानात खरोखर कोण राहत होते, याची साक्ष एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आधीच देऊन ठेवली आहे. १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस सारावाकमधील सिमुंजन नदीकाठी, एका कोळसा खाणीच्या परिसरात, कित्येक महिने राहिला. त्याने ओरांगउटानांचा अभ्यास केला, आणि त्या काळाच्या रीतीप्रमाणे अभ्यास म्हणजे गोळी घालणे. त्याने एका मादीला मारले तेव्हा तिचे पिल्लू चिखलात पडलेले सापडले. दूध मिळेना, म्हणून वॉलेसने त्याला भाताच्या पेजेवर वाढवण्याचा प्रयत्न केला, त्याच्यासाठी पाळणावजा पेटी केली, केस विंचरले. सुमारे तीन महिन्यांनी ते मेले. याच मुक्कामातील एक निरीक्षण मात्र आजही मोलाचे आहे. हा प्राणी जमिनीवर क्वचित उतरतो, झाडाच्या फांदीवरून शेजारच्या झाडावर जातो, आणि म्हणून त्याला सुखाने जगण्यास सारख्या उंचीचे, खंड न पडलेले विस्तीर्ण अरण्य लागते, असे त्याने नोंदवले. पुढच्या शतकात नेमके हेच मोडले जाणार होते.

मलाय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे वन. सतराव्या शतकात बटाव्हियात काम केलेल्या याकोबस बोन्टियस या डच वैद्याच्या, १६५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक गंमतीची नोंद आहे. जावातील लोक सांगतात की हे वनमानव बोलू शकतात; आपल्याला कामाला जुंपतील या भीतीने बोलत नाहीत. देलीच्या कुली कायद्यानंतर वाचले तर ही दंतकथा बरीच व्यवहारी वाटू लागते.

मलायात तेलमाडाचा पहिला व्यापारी मळा १९१७ मध्ये तेन्नामाराम येथे लावला गेला. लावणारा आँरी फोकोनिए हा फ्रेंच मळेवाला पुढे कादंबरीकार झाला आणि १९३० मध्ये त्याला गोंकूर पुरस्कारही मिळाला. तरीही कित्येक दशके राज्य होते रबराचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रबराने ते डळमळले, तेव्हा मलायाने पर्याय शोधला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेल्डा’ या सरकारी संस्थेने भूमिहीन कुटुंबांना जंगल साफ करून जमिनी वाटल्या. आधी त्यांवर रबर होते, १९६० च्या दशकापासून तेलमाड वाढत गेला. हजारो गरीब कुटुंबे या योजनेने दारिद्र्यातून वर आली. वन्यजीवांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा हे पान उलटून पुढे जातात, ते योग्य नाही.

या झाडाला सलग मळाच का हवा असतो? उत्तर त्याच्या फळात आहे. घड उतरवला, फळ जरासे चेचले, की त्यातील विकरे तेल आंबट करू लागतात. म्हणून साधारण एक-दोन दिवसांत घड वाफेच्या भट्टीत पोहोचलाच पाहिजे. शेंगदाण्यासारखे पोत्यात भरून भाव येईपर्यंत थांबता येत नाही. मग गिरणी मळ्याजवळच हवी, गिरणी परवडायची तर तिला बारा महिने पुरेल एवढा हजारो हेक्टरांचा मळा भोवती हवा, आणि मळ्यात सगळीकडे रस्ते हवेत. पश्चिम आफ्रिकेतल्या बाईने हंड्यात काढलेल्या तेलाला यातले काहीच लागत नव्हते. कारखानी तेलाला लागले.

एक अडसर तरीही होता. आफ्रिकेत हे झाड आपोआप फळे. मलेशियात बऱ्याच ठिकाणी मजुरांच्या टोळ्या, त्यांत मुख्यतः स्त्रिया, झाडोझाड फिरून हाताने परागकण फवारत. परागण वाऱ्याने होते असा तज्ज्ञांचा समज होता. युनिलिव्हरच्या मळ्यांवर काम करणाऱ्या लेस्ली डेव्हिडसन यांना तो पटला नाही. रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये अभ्यास करून दाखवले की हे काम सोंड्या भुंग्याच्या कुळातला एक चिमुकला किडा करतो. फेब्रुवारी १९८१ मध्ये तो मलेशियात सोडण्यात आला. थोड्याच काळात तो मळ्यामळ्यांत पसरला, फळधारणा वाढली आणि हाताने परागण करण्याची गरज संपली. आग्नेय आशियातील जंगलांच्या इतिहासात या काही मिलिमीटरच्या किड्याला कोणत्याही मंत्र्याइतके स्थान द्यावे लागेल.

इंडोनेशियाची वाट थोडी वेगळी. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या जमीन कायद्याने डचांचा १८७० चा जाहीरनामा रद्द केला. ही सुटका सात वर्षे टिकली. १९६७ मध्ये सुहार्तो यांच्या राजवटीने वन कायदा आणला आणि पुढे देशाच्या भूभागापैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘राज्याचे वन’ म्हणून नोंदला गेला. नाव वनाचे, पण नोंदीचा उपयोग मक्ते देण्यासाठी झाला. आधी लाकूडतोडीच्या कंपन्या आल्या. त्यांनी मोठी झाडे काढली, रस्ते पाडले. विरळ झालेले रान मग ‘ऱ्हास पावलेले’ ठरले, आणि ऱ्हास पावलेल्या रानात मळा लावायला हरकत कोण घेणार? जावातील दाट वस्तीतून कुटुंबे बाहेरच्या बेटांवर नेण्याच्या सरकारी योजनेने मजूरही पुरवले. १९७० मध्ये इंडोनेशियात तेलमाडाखाली सुमारे १ लाख ३३ हजार हेक्टर जमीन होती. २०१९ पर्यंत सरकारी आकडा १ कोटी ६० लाख हेक्टरांच्या वर गेला. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्र ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक भूभागावर एकच झाड, एवढी ही व्याप्ती.

या साऱ्या काळातील सर्वांत अविचारी प्रयोग पामतेलासाठी नव्हे, भातासाठी झाला. १९९५ च्या अखेरीस सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानमधील सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीचे अरण्य भातशेतीखाली आणण्याचा हुकूम काढला. तेथील जमीन म्हणजे पीट, हजारो वर्षे न कुजता साचलेला झाडपाल्याचा ओला थर. तो निचरण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खणले गेले. पाणी उतरले, थर वाळला. भात पिकलाच नाही. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी या वाळलेल्या थरात शिरून महिनोन्महिने धुमसत राहिल्या. त्या एका वर्षी इंडोनेशियातील पीट व अरण्य जळून निघालेला कार्बन जगातील जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्क्यांइतका असावा, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच दलदली बोर्निओतील ओरांगउटानांचे उत्तम आश्रयस्थान होत्या. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. सुमारे २६ लाख हेक्टर जळले. मळ्यांसाठी स्वस्तात जमीन साफ करण्याचे साधन म्हणून आग वापरली जाते, हे तोवर गुपित राहिले नव्हते.

आता प्राण्यांकडे. ओरांगउटानाची मादी सात ते नऊ वर्षांनी एकदा पिल्लू देते. सस्तन प्राण्यांत एवढे दीर्घ अंतर क्वचितच आढळते. मळा आला की तिची फळझाडे जातात, ती भुकेपोटी तेलमाडाचे कोवळे कोंब खाते आणि मळ्याच्या हिशेबात ‘उपद्रवी’ ठरते. तिला मारले की पिल्लू विकता येते. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत बोर्निओने एक लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले, असा अंदाज २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. त्यातील एक बाब फारशी सांगितली जात नाही. घटीचा वेग मळे झालेल्या भागांत सर्वाधिक होता, परंतु संख्येने सर्वाधिक ओरांगउटान गेले ते अजून उभ्या असलेल्या जंगलांतून. कारण हत्या. मळ्यांचे व लाकडाचे रस्ते जेथवर जातात तेथवर बंदूकही जाते. नकाशावर हिरवा दिसणारा भाग आतून ओस पडू शकतो.

साबाहमधील किनाबातांगान नदीकाठी हत्ती, ओरांगउटान आणि लांब नाकाची माकडे दिसतात म्हणून पर्यटक जातात. दर्शन सहज घडते, त्याचे कारण सुखद नाही. २००५ मध्ये घोषित झालेले तेथील अभयारण्य सुमारे २६ हजार हेक्टरांचे आणि तेही तुकड्यातुकड्यांचे. दोन्हीकडे मळे असल्याने प्राण्यांना नदीलगतच्या पट्ट्यातच राहावे लागते.

सुमात्राच्या रिआऊ प्रांतातील तेसो निलो राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. हत्ती आणि वाघांसाठी २००४ मध्ये उद्यान झाले, २००९ मध्ये वाढून ८० हजार हेक्टरांपलीकडे गेले. आज त्यातील बहुतांश भागात जंगल नाही. बेकायदा तेलमाड आहे. तो लावणाऱ्यांत बाहेरून आलेली, थोडीशी जमीन विकत घेतल्याच्या समजुतीने राबणारी छोटी कुटुंबेही आहेत. इंडोनेशियातील तेलमाडाखालील सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. खलनायक म्हणून फक्त कंपनीकडे बोट दाखवणाऱ्या लिखाणाला तेसो निलो अडचणीचे जाते. पामतेलावर सरसकट बहिष्कार घाला, हेही तसेच सोपे सांगणे. एका हेक्टरातून तेलमाड सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो. तेलाची भूक तेवढीच राहिली आणि पीक बदलले, तर दुसरीकडे कुठेतरी अधिक जमीन मोडेल.

बदल झाले तेही सांगायला हवेत. २०११ मध्ये इंडोनेशियाने अस्पर्श अरण्यात व पीटवर नवे परवाने देणे थांबवले, २०१९ मध्ये ही स्थगिती कायमची केली. २०१६ नंतर तेथील जंगलतोड बरीच मंदावली. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने खूण करून ठेवावी अशी तारीख १६ मे २०१३ आहे. त्या दिवशी इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की रूढीने समाजाच्या ताब्यात असलेले वन हे राज्याचे वन नव्हे. व्हान फोलेनहोव्हनचे म्हणणे मान्य व्हायला जवळपास शतक लागले. निकालानंतर प्रत्यक्ष नोंदणी अगदी सावकाश चालली आहे.

या तेलाचा मोठा भाग भारतात येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयात पामतेल रेशनच्या दुकानांतून मिळे. १९९४ मध्ये पामोलिनच्या खासगी आयातीला मुभा मिळाली आणि पुढे भारत जगातील सर्वांत मोठा आयातदार झाला. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ या संचात रवा, चणाडाळ व साखर एकेक किलो होती, आणि चौथी वस्तू होती एक लिटर पामतेल. गरिबाच्या घरची चकली त्या तेलात तळली गेली, यात त्या घराला दोष देण्यासारखे काहीच नाही. बिस्किटे, फरसाण, साबण यांतून तेच तेल सुखवस्तू घरांतही जाते, फक्त नाव न सांगता.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने हे अवलंबित्व कमी करण्यासाठी ११,०४० कोटी रुपयांचे तेलमाड अभियान मंजूर केले. त्याचा विशेष भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. मिझोरममध्ये तेलमाड त्याआधीच पोहोचला होता, आणि डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याची तुलना डोंगरउतारावरच्या पारंपरिक फिरत्या शेतीशी, झूमशी केली. झूमच्या पडीत रानपक्ष्यांची विविधता व संख्या तेलमाडाच्या मळ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात मात्र झूमची जमीन, चालू असो वा पडीत टाकलेली, ‘पडीक’ याच सदरात मोजली जाते.